टिपणाची वही: कोकणातल्या अभ्यासाच्या सवयींची पार्श्वभूमी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे मिळून कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून दहावीच्या निकालात हा विभाग सातत्याने राज्यात पुढे राहिला आहे. मार्च २०२४ च्या परीक्षेत तर त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. हीच मुले अकरावी-बारावीला किंवा पुढे अभियांत्रिकीला मुंबई-पुण्याकडे गेली, की पहिले काही महिने त्यांची तारांबळ उडते, असे मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे. तिथे कोणी उत्तरे सांगून लिहवून घेत नाही. तासभर बोलणाऱ्या प्राध्यापकांच्या बोलण्यातले काय उतरवायचे आणि काय सोडायचे, हे आम्ही त्यांना कधी शिकवलेलेच नसते. टिपण काढायला शिकवणे हा विषय आज शाळांतून नव्याने बोलला जातो आहे, पण तो का नवा वाटतो हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

‘टिपण’ हा शब्दच पाहण्यासारखा आहे. अंगणात वाळत घातलेल्या भातातले दाणे पाखरू टिपते, तेव्हा ते सगळी रास उचलत नाही; नेमका दाणा उचलते. निवड हा या शब्दाचा गाभा आहे, आणि वर्गात शब्दन् शब्द उतरवून घेण्याला आपण टिपण म्हणू लागलो तेव्हा तो गाभाच हरवला.

पंतोजींच्या शाळेत वही नव्हती. लाकडी फळीवर धूळ पसरून त्यावर काडीने अक्षर गिरवायचे, ही धूळपाटी. हात फिरवला की अक्षर पुसले जाई, त्यामुळे शिकलेले ठेवायला डोक्याखेरीज दुसरी जागा नव्हती. दिवेलागणीला परवचा म्हणायचा: तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे; पुढे तिथी, नक्षत्रे, श्लोक. वेदपाठशाळांत ‘संथा’, म्हणजे गुरूने तोंडी सांगितलेला पाठ, दिली जाई आणि तोच मंत्र पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट क्रमांनी म्हणवून घेतला जाई. ही पद्धत आंधळ्या घोकंपट्टीची म्हणून आज हिणवली जाते. अर्थ न कळता पाठ करण्याचा दोष तिच्यात खरोखर होता, आणि त्याहून मोठा दोष म्हणजे तिचे दार बहुसंख्य मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना बंद होते. परंतु समोर काही नसताना मनातून काढून दाखवण्याची रोजची सवय तिने लावली होती, आणि या सवयीचे मोल पुढे शंभर वर्षांनी प्रयोगशाळांतून सिद्ध व्हायचे होते.

दुसरी परंपरा दप्तराची, म्हणजे हिशेबाच्या आणि कारभाराच्या कागदांची. खोतांच्या, कुळकर्ण्यांच्या आणि पेढ्यांवरच्या कारकुनांच्या हातांनी मोडी लिपीत चाललेले हे लिखाण शाळेच्या इतिहासात सहसा येत नाही, पण आपल्या विषयाच्या ते अगदी जवळचे आहे. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत टिपायचे, आणि नंतर सवडीने तेच एकेका खात्यावर उतरवून खतावणी तयार करायची, हा त्यातला नियम होता. खतावणी करताना कारकुनाला प्रत्येक नोंद पुन्हा वाचावी लागे आणि ती कुठल्या खात्यात जाते हे ठरवावे लागे. म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहिली जाई, पण दुसऱ्यांदा ती विचार करून लिहिली जाई. लेखनाच्या शिस्तीचा उल्लेख आपल्याकडे त्याहून जुनाही आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास सगळा लेखनक्रियेवरच आहे आणि त्यात पानाच्या भोवती जागा सोडून मधे लिहावे, असे बजावले आहे. ही मोकळी जागा पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही परंपरांवर नवी शाळा येऊन बसली. मुंबईत १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी संस्था निघाली, आणि तिच्या पुस्तकांच्या कामात पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर पुढे मोलाचे ठरले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कूल सुरू झाले, त्याची धुराही त्यांच्याकडेच आली. पण पुढच्याच वर्षी ते वारले. मराठीचे अभ्यासक असलेले इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या खटपटीने मराठीत विरामचिन्हे रुळली, तेव्हा छापील पान डोळ्यांनी वाचून समजून घेणे सोपे झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. मालवणात जन्मून रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी.

कोकणाच्या दृष्टीने यातली निर्णायक गोष्ट परीक्षा ही होती. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे जास्त, अशा मुलखात परीक्षेचा दाखला म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे घरी येणारी मनीऑर्डर. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्रीचा घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ही हकिगत आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला तिच्यात परीक्षेचे तेव्हाचे वजनही दिसते. पुढे व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होई. असे असंख्य मास्तर इथल्या वाड्यावाड्यांवर गेले आणि परीक्षेत जे विचारतात ते नेमके लिहवून घेण्याची रीत त्यांनी निष्ठेने चालवली. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण पुस्तक एका वर्गात दोघा-तिघांकडेच असे आणि मास्तरांचे सांगणे हेच बाकीच्यांचे पुस्तक होते.

बालभारतीची स्थापना १९६७ ची. घरोघरी पाठ्यपुस्तक पोहोचले, १९७५ मध्ये दहावी-बारावीच्या नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी झाली, वह्या स्वस्त झाल्या. लिहवून घेण्याचे कारण संपले, पण रीत राहिली. गाईड आले, अपेक्षित प्रश्नसंच आले, मग झेरॉक्स, आणि आता मोबाइलवर काढलेला फळ्याचा फोटो. साठवण्याची सोय जसजशी वाढली तसतसे मनातून काढून पाहण्याचे निमित्त कमी होत गेले.

इकडे हे होत असताना पाश्चात्य देशांत अभ्यास हाच अभ्यासाचा विषय झाला होता. जर्मनीत एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेत फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये आधी नजर टाका, प्रश्न काढा, वाचा, न पाहता सांगा, पुन्हा पाहा, अशी पाच पायऱ्यांची रीत मांडली. कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी पानाचीच विभागणी केली: उजवीकडे सुमारे सहा इंच टिपणासाठी, डावीकडे अडीच इंच नंतर सुचलेल्या प्रश्नांसाठी, तळाशी दोन इंच सारांशासाठी. उजवी बाजू झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. रोजकीर्द, खतावणी आणि परवचा एकाच पानावर आल्यासारखे हे आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्यानंतर तो न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात. डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला राहिले, स्वतःची चाचणी आणि अंतर ठेवून केलेला अभ्यास वर आला.

आपल्या राज्यात २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पाने घालून त्यांवर ‘माझी नोंद’ असे शीर्षक दिले गेले. कल्पना चांगली होती. मात्र नोंद कशी करायची हे मुलांना शिकवले गेले नाही, पाने कोरी राहिली किंवा त्यांवर प्रश्नोत्तरेच उतरली, मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हा उपक्रम थांबवण्यात आला.

आमच्या नववीच्या वर्गात जुलैत कौलांवर पाऊस कोसळू लागला की शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही. अशाच एका तासाला मी सांगणे थांबवले आणि मुलांना सर्द झालेल्या वह्या मिटून, आदल्या दिवशीच्या ‘मान्सूनचे वारे’ या भागातले आठवेल ते मागच्या पानावर लिहायला सांगितले. एका मुलीने चार ओळी लिहिल्या, मग वही उघडून राहिलेले मुद्दे पाहिले आणि लाल समासाच्या पलीकडे, जिथे एरवी फक्त प्रश्नक्रमांक असतो, तिथे पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला: ‘घाटावर पाऊस कमी का?’ त्या वहीच्या आधीच्या चाळीस पानांवर तिचा स्वतःचा एकही प्रश्न नव्हता.