आभासी रुग्णभेट (अतिदक्षता विभाग)

अतिदक्षता विभागातला रुग्ण आणि गावी राहिलेले त्याचे घरचे यांची व्हिडिओ कॉलवर घडवलेली भेट. हे नाव कागदावरचे. वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत ते कोणाच्या तोंडी नाही. "सिस्टर, जरा व्हिडिओ कॉल लावून द्या ना जी," एवढेच म्हणतात. रुग्ण झोपेच्या औषधाखाली किंवा व्हेंटिलेटरवर असतो, फोन तिसऱ्याच्या हातात असतो. म्हणून ही भेट मुळात परिचारिकेच्या कामाचा भाग आहे, मग ड्युटीच्या तक्त्यात तिची नोंद असो वा नसो.

ही पद्धत सर्वत्र पसरली ती २०२० मध्ये, कोविडमुळे आयसीयूची दारे नातेवाइकांना बंद झाली तेव्हा. रुग्णांना घरच्यांशी बोलता यावे म्हणून वॉर्डात स्मार्टफोन आणि टॅबलेट वापरू द्यावेत, असे पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्या जुलैअखेर राज्यांना पाठवले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी लागली ती अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यातच.

साथ ओसरली तरी विदर्भात गरज उरली, कारण इथे अडचण अंतराची आहे. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. धारणीहून अमरावतीला यायचे तर मेळघाटचा घाट उतरावा लागतो. नागपूरचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात रुग्णासोबत एखादा मुलगा किंवा भाऊ राहतो. बाकीचे घर गुरे आणि कापूस सोडून किती दिवस येणार? सोबतच्यालाही आत मिळतात दिवसाकाठी थोडी मिनिटे. उरलेला दिवस व्हरांड्यात सतरंजीवर. त्यामुळे कॉलची वेळ शेतावरून माणसे परतल्यानंतरची, दिवेलागणीची ठेवली तर सोयीची पडते.

कॉल लावण्याआधी फोन पुसून पारदर्शक पिशवीत घालतात. रुग्णाला चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर ते आठवणीने लावावे. हे हमखास राहून जाते. पडदा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरायचा, खाटेच्या पायथ्याहून नव्हे. घशात नळी असल्याने बोलता येत नाही, तेव्हा 'हो'साठी एकदा पापणी मिटायची किंवा हात दाबायचा, असे आधी ठरवून घेतात. पलीकडे मात्र एकटा माणूस कधीच नसतो. फोन नातवाचा, त्याभोवती सारी आळी. "बावा, आयकू येते का? इकडं पाय ना जी!" असे चार जण एकदम ओरडतात आणि रुग्णाला काहीच कळत नाही. एकेकाने, नाव सांगून, हळू बोलावे असे सिस्टरने सुरुवातीलाच बजावलेले बरे.

सर्वांत जास्त चुका तयारीत होतात. तोंडावरची सूज, नाकातोंडातल्या नळ्या, नळी उपटू नये म्हणून बांधलेले हात हे सारे एकदम पडद्यावर आले की बायामाणसे हंबरडा फोडतात. काय दिसणार ते कॅमेरा सुरू करण्याआधी शब्दांत सांगणे हाच उपाय. दुसरा प्रश्न खाजगीपणाचा. कॉलचा स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला वेळ लागत नाही, आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्णही त्यात येतो. बेशुद्ध माणसाची परवानगी घेता येत नाही. ती त्याच्या वतीने कोणी द्यायची, हे दाखल करतानाच विचारून ठेवावे. भाऊबंदकीच्या घरात तर नक्कीच.

भेटींचा उपयोग किती, यावर भाबडेपणा नको. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंच्या अभ्यासात (२०१९) प्रत्यक्ष भेटीची वेळ रोज १२ तासांपर्यंत वाढवली, तरी रुग्णांच्या भ्रमात (डेलिरियम, म्हणजे आजारपणात भान हरपून गोंधळणे) लक्षणीय घट दिसली नाही. नातेवाइकांची चिंता मात्र उतरली. म्हणजे फायदा आधी गावाकडच्यांना होतो, आणि तोही काही लहान नाही. "मशीनवर ठेवलं" एवढेच ऐकलेल्या बाईला नवऱ्याची छाती वरखाली होताना दिसते.

अखेरच्या घटकेला मात्र पडदा अपुरा पडतो. तुळशीपत्र, पाण्याचा थेंब फोनमधून देता येत नाही. ओल्या कापसाने ओठ पुसणे ही तोंडाच्या निगेतली रोजचीच गोष्ट. सिस्टरने ती कॅमेऱ्यासमोर केली तर घरचे ती आपल्या हातची मानतात.

जिथे रेंजच नाही, पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा रस्ताही नाही, तिथे ध्वनिमुद्रित आवाज हा पर्याय उरतो. २०१७ च्या ३० रुग्णांच्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत घरच्यांच्या आवाजातले निरोप ऐकवलेल्यांना भ्रमाविना जास्त दिवस मिळाले. निरोप माडिया, गोंडी किंवा कोरकूत असला तरी चालतो. सिस्टरला तो समजण्याची गरज नाही. तू कुठे आहेस, आज वार कोणता, घरी सगळे बरे आहेत, एवढे त्यात यावे. बैलाचे, पावसाचे आले तरी बिघडत नाही. उधारीचे मात्र टाळावे.