मेस

मेस (स्त्रीलिंगी नाम) : महिन्याचे पैसे भरून दोन्ही वेळचे जेवण जिथे बांधून घेतात ती जागा, ती व्यवस्था आणि ते जेवणसुद्धा. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द पहिल्या आठवड्यातच बसतो. शब्द इंग्रजी आहे. पण आजच्या इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ पसारा, घोळ, बजबजपुरी असा होतो. जेवणाचा शब्द घोळापर्यंत पोचला तो ताटातूनच.

लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. पुढे त्याला ‘ठेवणे, मांडणे’ अशीही छटा आली आणि स्वयंपाकघरातून पुढ्यात येऊन पडलेल्या पदार्थाला ‘मिस्सुस’ म्हणू लागले. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इ. स. १३००च्या सुमारास इंग्रजीत उतरला, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता : एक वाढप. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये योसेफ आपल्या भावांना जेवू घालतो, तेव्हा धाकट्या बिन्यामीनपुढे इतरांच्या पाचपट ‘मेस’ येते ती याच अर्थाने. मिशन, मेसेज, कमिटी, प्रॉमिस ही सगळी याच धातूची पोरे. म्हणजे मेसचा डबा आणि मिसाइल यांचे मूळ कूळ एकच. आपल्या ‘मेज’शी मात्र नाते जोडण्याचा मोह टाळावा. मेज फारसीतून आले. पोर्तुगीज ‘मेसा’ म्हणजे टेबल, हाही दिसायला जवळचा, पण तो ‘मेन्सा’ या वेगळ्याच लॅटिन शब्दापासून निघाला.

पंधराव्या शतकात अर्थ ताटावरून ताटाभोवतीच्या माणसांवर सरकला. मेजवानीत चौघाचौघांचे गट बसवून पदार्थ वाढत, त्या चौकडीला मेस म्हणत. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मध्ये, तुम्हा तीन मूर्खांची मेस पुरी व्हायला मी चौथा मूर्ख हवाच होतो, असा विनोद आहे तो या चारच्या हिशेबावर. लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांत आजही चौघांच्या मेसने जेवायला बसण्याची रीत आहे. पुढच्या शतकात सैन्यात आणि जहाजांवर एकत्र जेवणाऱ्यांच्या गटाला हेच नाव पडले. १८१७च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्याला इंग्रजांची छावणी पडली आणि तिच्याबरोबर अधिकाऱ्यांची मेसही आली. लष्करातली मेस आणि पेठेतली मेस यांत अजूनही नावापलीकडे फारसे साम्य नाही.

घोळाचा अर्थ सर्वांत धाकटा. पातळसर, कालवलेल्या अन्नाला मेस म्हणता म्हणता अठराव्या शतकात जनावरांपुढे ठेवायच्या कालवणाला, म्हणजे आपल्या आंबोणाला, तो शब्द लागला. मग काहीही बेंगरूळ मिसळलेले ते मेस, आणि एकोणिसाव्या शतकात अन्न सुटून नुसता गोंधळ उरला. मराठी माणसाला हे नवल वाटू नये. आपणही राजकारणाची खिचडी करतो आणि विचारांची भेळ.

पुण्यात या शब्दाला सापडले ते ‘लावणे’ हे क्रियापद. मेस लावतात, जशी शिकवणी लावतात, दुधाचा रतीब लावतात. आणि त्याच्याही आधी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात उंबरे. ज्यांचे वार भरत नसत ते माधुकरी मागत. १९०९मध्ये पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलेही माधुकरीवर शिकली. फर्ग्युसन (१८८५) आणि पुढे स. प. (१९१६) यांसारख्या महाविद्यालयांमुळे बाहेरगावची मुले वाढत गेली, तसा पैसे देऊन जेवण्याचा रस्ता रुंदावला. त्याला आधी खानावळ म्हणत, ऐटीत बोर्डिंग. बोर्डचा अर्थ फळी, म्हणजे जेवणाचे टेबल. टिळक रस्त्यावरच्या ‘बादशाही’सारखी नावे त्या काळाची आठवण देतात. ‘मेस’ने या दोन्ही शब्दांना बरेच मागे सारले. व्यवस्था बदलली, क्रियापद मात्र वारांच्या वेळचेच राहिले. मेसच्या इतिहासात एवढी एक गोष्ट अस्सल पुणेरी म्हणावी.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतली नमुन्याची मेस म्हणजे वाड्याच्या किंवा जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, चार बाके, आणि दाराशी खडूने लिहिलेला फळा : ‘आज रात्री मेस बंद’. पोळी-भाजी, आमटी-भात, रविवारी दुपारी गोडाधोडाची फीस्ट आणि तिची शिक्षा म्हणून रात्री चूल थंड. स्पर्धा परीक्षांची मुले या भागात एकवटल्यापासून हे चित्र आणखी दाट झाले.

मेसचे खरे व्याकरण ‘खाडा’ या शब्दात आहे. न जेवलेली वेळ म्हणजे खाडा. कामवाल्या मावशींचा होतो तोच. मेस चालवणाऱ्या काकूंच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीस चौकोन असतात. जेवलात की टिंब, नाही तर फुली. पण प्रत्येक फुली हिशेबात खाडा म्हणून धरली जात नाही. बहुतेक ठिकाणी सलग काही दिवस गावी गेलात आणि आधी सांगून गेलात, तरच पैसे वळते होतात. ‘काकू, माझे चार खाडे धरा’ आणि ‘अरे, सांगितलं होतंस का?’ हा संवाद दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेला.

हाच शब्द इतरत्र वेगळे घर करून आहे. कोलकात्यात मेस म्हणजे नोकरदारांनी मिळून राहायची जागा. तमिळनाडूत कोणीही वाटसरू शिरून जेवावे असे छोटे हॉटेल.

घोळ या अर्थाचा मेस पुण्यात अलीकडे, इंग्रजी माध्यमातल्या पिढीबरोबर, वेगळ्या दाराने आला आणि येताना पुल्लिंगी झाला. ‘मेस बंद झाली’ म्हणजे जेवणाची पंचाईत. ‘मेस झालाय’ म्हणजे खोली आवरायला झाली आहे.