लॉ, डेनिस

लॉ, डेनिस : (२४ फेब्रुवारी १९४०–१७ जानेवारी २०२५). स्कॉटलंडचे आघाडीचे फुटबॉलपटू. ‘बॅलन डी’ओर’ हा तेव्हा युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा किताब मिळवणारे (१९६४) ते आजवरचे एकमेव स्कॉटिश खेळाडू होत.

त्यांचा जन्म ॲबर्डीन या बंदराच्या शहरात एका मच्छीमाराच्या घरी झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरची गरिबी इतकी, की बारा वर्षांचे होईपर्यंत पायात चप्पलबूट नव्हते. डोळ्यांत तिरळेपणा असल्याने ते चष्मा लावत आणि मैदानात उतरल्यावर एक डोळा मिटून खेळत. १९५५ साली हा हडकुळा, चष्मेवाला मुलगा हडर्सफील्ड टाउन या इंग्लिश क्लबमध्ये चाचणीला आला, तेव्हा तो फुटबॉल खेळेल हे व्यवस्थापक अँडी बीटी यांना आधी पटलेच नाही. खेळ पाहिल्यावर मात्र त्यांनी त्याला ठेवून घेतले. पुढे शस्त्रक्रियेने डोळा सरळ झाला. डिसेंबर १९५६ मध्ये सोळाव्या वर्षी ते संघातून पहिला सामना खेळले. तोवर बिल शँकली व्यवस्थापक झाले होते. अंगावर मांस चढावे म्हणून त्यांनी पोराला मांसाहार आणि दुधाचा खुराक सुरू केला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये वेल्सविरुद्ध स्कॉटलंडकडून पदार्पण झाले आणि त्याच सामन्यात गोलही झाला.

मार्च १९६० मध्ये मँचेस्टर सिटीने ५५,००० पौंड मोजून त्यांना घेतले. ब्रिटनमधील हा तेव्हाचा विक्रम. सिटीकडून खेळताना त्यांच्या वाट्याला एक अजब प्रसंग आला. जानेवारी १९६१ मध्ये एफए कप या इंग्लंडमधील बाद फेरीच्या स्पर्धेच्या सामन्यात त्यांनी ल्यूटन संघावर एकट्याने सहा गोल चढवले. सिटी ६–२ ने पुढे असताना पावसाने मैदानाचा चिखल झाला, ६९ व्या मिनिटाला खेळ थांबला आणि सामना रद्द ठरला. तो पुन्हा खेळवला गेला तेव्हा सिटी १–३ ने हरली. सिटीचा तो एक गोलही लॉ यांचाच. रद्द सामन्यातले सहा गोल हिशेबात धरले जात नाहीत.

१९६१ मध्ये १,१०,००० पौंडांना ते इटलीतील तोरिनो या क्लबकडे गेले. तिथला कडेकोट बचावाचा खेळ त्यांना मानवला नाही. जो बेकर या सहकाऱ्यासोबत झालेल्या मोटार अपघातातून ते थोडक्यात बचावले आणि वर्षभरातच परतले. जुलै १९६२ मध्ये व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी १,१५,००० पौंड देऊन त्यांना मँचेस्टर युनायटेडमध्ये आणले.

पुढची अकरा वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा. उंची बेताचीच, पण उडी घेतली की हवेत जणू थांबून राहत. गोलसमोरच्या गर्दीत चेंडू कुठे सुटेल याचा अंदाज त्यांना इतरांच्या आधी यायचा. डोके, टाच, पाठमोरी उलटी किक, काहीही चालायचे. गोल झाला की शर्टाच्या बाहीचे टोक मुठीत धरून एक हात उंच करायचे, ही त्यांची खूण. युनायटेडच्या मैदानातील स्ट्रेटफर्ड एंड या प्रेक्षागाराचे प्रेक्षक त्यांना ‘किंग’ म्हणत. १९६३–६४ च्या हंगामात त्यांनी सर्व स्पर्धांत मिळून ४६ गोल केले. युनायटेडसाठी एका हंगामातला हा विक्रम आहे. १९६३ चा एफए कप, १९६५ आणि १९६७ ची लीग विजेतेपदे यांत त्यांचा मोठा वाटा होता. स्वभाव तापट असल्याने पंचांशी खटके उडत आणि बंदीही सोसावी लागे. १९६८ मध्ये युनायटेडने युरोपियन कप ही युरोपातील क्लबांची स्पर्धा जिंकली तेव्हा ते मात्र गुडघ्याच्या दुखण्यामुळे रुग्णालयात होते. युनायटेडकडून त्यांनी ४०४ सामन्यांत २३७ गोल केले.

१९७३ मध्ये युनायटेडने त्यांना मोकळे केले आणि ते सिटीत परतले. २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर, सामना संपायला दहाएक मिनिटे उरली असताना, त्यांनी टाचेने चेंडू युनायटेडच्याच जाळ्यात ढकलला. हात वर गेला नाही. मान खाली घालून ते मैदानाबाहेर पडले. इंग्लिश लीगमधला तो त्यांचा शेवटचा सामना. या गोलाने युनायटेडला दुसऱ्या श्रेणीत ढकलले, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. त्या दिवशी पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी झगडणारा बर्मिंगहॅम संघ जिंकल्याने सामना बरोबरीत सुटला असता तरी युनायटेड खाली जाणारच होते. इतके गोल करणाऱ्या माणसाची ओळख त्याला नकोशा असलेल्या या एका गोलाशी जोडली जावी, हा त्यांच्यावर अन्यायच.

स्कॉटलंडकडून ५५ सामन्यांत त्यांनी ३० गोल केले. स्कॉटलंडचेच केनी डल्ग्लिश यांचेही गोल तेवढेच, पण त्यांना १०२ सामने लागले. १५ एप्रिल १९६७ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर विश्वविजेत्या इंग्लंडला ३–२ ने हरवणाऱ्या संघाचा पहिला गोल लॉ यांचा होता. इंग्लंडशी त्यांची चुरस इतकी, की १९६६ च्या विश्वचषकाची अंतिम लढत चालू असताना ते गोल्फ खेळायला गेले होते. स्वतः विश्वचषकात ते एकच सामना खेळले : १९७४ मध्ये, झाईरविरुद्ध. त्यानंतर लवकरच त्यांनी निवृत्ती घेतली.

ओल्ड ट्रॅफर्डबाहेर युनायटेडमधील सहकारी जॉर्ज बेस्ट आणि बॉबी चार्ल्टन यांच्यासोबत त्यांचा पुतळा २००८ पासून उभा आहे. २०२१ मध्ये आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. नेदरलँड्सचे फुटबॉलपटू डेनिस बर्गकँप यांचे नाव बर्गकँप यांच्या वडिलांनी लॉ यांच्यावरूनच ठेवले. रोमन लिपीत मात्र बर्गकँप यांच्या नावात एक ‘एन’ जास्त आहे.