रक्त-लघवीच्या अहवालांतील प्रत्यय : पार्श्वभूमी

पणजीत १८४२ साली वैद्यकीय विद्यालय सुरू झाले, तेव्हा युरोपात ‘-एमिया’ हा रक्तविकारदर्शक प्रत्यय अजून रुळत होता. ‘ल्युकेमिया’ (रक्ताचा कर्करोग) आणि ‘युरेमिया’ (लघवीवाटे जाणारी दूषित द्रव्ये रक्तात साचणे) हे दोन्ही शब्द १८४० च्या दशकात प्रचारात आले. गोव्यात हे शिक्षण १९६१ पर्यंत पोर्तुगीजमधून आणि पुढे इंग्रजीतून झाले, त्यामुळे लघवीतून रक्त जाण्याला जुने डॉक्टर म्हणत तो ‘एमातूरिया’ नव्या पिढीत ‘हिमॅच्युरिया’ झाला. मराठी परिभाषेने मात्र आयुर्वेदातील वीस प्रमेहांचा, म्हणजे लघवीच्या विकारांचा, वारसा घेऊन लघवीतील दोषासाठी ‘मेह’ आणि रक्तातील दोषासाठी ‘रक्तता’ हे शब्द योजले; रक्तमेह (हिमॅच्युरिया) आणि मूत्रविषरक्तता (युरेमिया) ही त्यांची उदाहरणे होत. देवनागरीत लघवीतील दोष दाखवणारा ‘-युरिया’ हा प्रत्यय आणि ‘ब्लड युरिया’मधील रसायन सारखेच लिहिले जातात, याकडे अहवाल वाचताना अवश्य लक्ष द्यावे.

खरा वाद झाला तो ‘मायक्रोॲल्ब्युमिनुरिया’ या शब्दावर. मधुमेही व्यक्तीच्या लघवीतून दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन जाऊ लागले, तर लघवी तपासण्याच्या नेहमीच्या पट्टीवर ते बहुधा उमटत नाही, पण मूत्रपिंड आणि हृदय या दोहोंचा धोका वाढलेला असतो, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले आणि हा शब्द रूढ झाला. त्यातील ‘मायक्रो’ प्रमाणाविषयी आहे. तरी काहींना तो अल्ब्युमिनचाच वेगळा, लहान प्रकार वाटला, आणि अनेक रुग्णांनी ‘किरकोळ’ असा त्याचा अर्थ घेतला, जो अधिक घातक होता. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तो वापरू नये असे सुचवले आणि लघवीतील दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे (स्नायूंतून तयार होणारे टाकाऊ द्रव्य) अल्ब्युमिन किती मिलिग्रॅम यावरून ३० पेक्षा कमी, ३० ते ३००, आणि ३०० पेक्षा जास्त अशा तीन पायऱ्या पुढे केल्या. वर्षानुवर्षांचे संशोधन ज्या नावाने नोंदले गेले ते टाकू नये, हा आक्षेप समजण्याजोगा आहे. तरीही रुग्णाला निर्धास्त करणारे नाव गेले हे योग्यच झाले, कारण ३० च्या आतही धोका आकड्यासोबत हळूहळू चढतच असतो. रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गासाठीचा ‘सेप्टिसेमिया’ हा शब्दही असाच संदिग्ध ठरवून १९९२ मध्ये तज्ज्ञांनी बाजूला सारण्याची शिफारस केली होती.

आकडा मात्र एकाच नमुन्यावर धरत नाहीत: ताप, जोरकस व्यायाम किंवा मूत्रमार्गातील संसर्ग यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते, म्हणून तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन तरी वाढलेले असावे लागतात.