अ‍ॅजिलिटी आणि शीपडॉग ट्रायल: बॉर्डर कोली तोच, खेळ वेगळा

व्हिडिओत बॉर्डर कोली जातीचा कुत्रा सुसाट धावताना दिसला की आपल्याकडे सरसकट सगळ्याला 'अ‍ॅजिलिटी' म्हणून मोकळे होतात. ती म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. मेंढ्या हाकण्याची शीपडॉग ट्रायल ही अगदी निराळी गोष्ट. ब्रिटनमधली पहिली नोंदलेली ट्रायल १८७३ साली वेल्समधल्या बाला इथे झाली. अ‍ॅजिलिटी त्यामानाने कालचं पोर: १९७८ साली लंडनमध्ये भरलेल्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात, मधल्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं म्हणून सुरू झालेली.

अ‍ॅजिलिटीत हँडलर, म्हणजे कुत्र्याला पळवणारा माणूस, आधी कुत्र्याला न घेता रिंगणात फिरून अडथळ्यांचा क्रम पाठ करतो. कुत्र्याला क्रम ठाऊक नसतो. मालकाचे खांदे-पाय कुठे वळतात त्यावरून तो पुढची उडी ओळखतो. वीव्ह पोलच्या, म्हणजे नागमोडी पार करायच्या उभ्या काठ्यांच्या, रांगेत शिरताना पहिली काठी डाव्या खांद्याशी हवी. घाईत सीसॉवरून आधीच उडी मारली, टोकाच्या रंगीत पट्ट्यावर पंजा पडला नाही, की ५ फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. बाकी सगळा हिशेब सेकंदाच्या शंभराव्या भागाचा.

ट्रायलमध्ये नुसत्या वेगाला गुण नाहीत. हँडलर खुंटापाशी उभा, कुत्रा शेकडो मीटर लांब, मध्ये फक्त शिट्टी आणि हाक. 'कम बाय' म्हटलं की मेंढ्यांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा, 'अवे' म्हटलं की उलटा. खरी मजा असते 'लिफ्ट'ची. कुत्रा वळसा घालून मेंढ्यांच्या मागे पोचतो, वेग कमी करतो, मान खाली घालून नजर रोखतो. मेंढ्या माना वर करतात आणि शांतपणे चालू लागतात. जरा घाई झाली तर कळप उधळतो. फार रेंगाळला तर एखादी मेंढी उलटी वळून पाय आपटते. त्या दोन-चार क्षणांना शंभरातले १० गुण आहेत, आणि माझ्या मते ते कमीच आहेत.

एखादी मेंढी फुटली तर चांगला कुत्रा शिट्टीची वाट न बघता तिला अडवतो. अ‍ॅजिलिटीत असंच स्वतःच्या मनाने पुढचा अडथळा घेतला आणि तो चुकीचा निघाला, तर थेट बाद! रोखलेल्या नजरेचंही तेच. ट्रायलमध्ये ती भांडवल, अ‍ॅजिलिटीत हर्डलपुढे दबा धरून बसणारा कोली वेळ घालवतो. बक्षीसही वेगळं. अ‍ॅजिलिटीत चेंडू किंवा खाऊ चालतो. मेंढ्यांपुढे कामात रंगलेला कोली बिस्किटाकडे ढुंकूनही बघत नाही.

आपल्या धनगरांच्या वाड्यावरचं कुत्रं या दोन्हींत बसत नाही. ते लांडग्यापासून राखणीला असतं. मेंढ्या वळवतो तो धनगर, हाळी देऊन आणि काठीने.

पुण्या-मुंबईत कोली पाळणाऱ्यांना अ‍ॅजिलिटी जमण्यासारखी आहे: पिल्लाची वाढ होईपर्यंत उडीच्या दांड्या जमिनीलगत ठेवायच्या, एवढं पथ्य. मात्र 'उपजत गुण बघू' म्हणून त्याला कुणाच्या कळपात सोडू नका. न शिकवलेला कोली मेंढ्या वळवत नाही, पिटाळतो, चावतोही. कळपात गाभण मेंढ्या असतील तर त्या धावपळीत गाभ पडू शकतो.