हॉलमधली टीव्हीची भिंत: होम थिएटर आपल्या घरात आलं कसं

सध्या कोणाच्याही घरी रिनोव्हेशन काढलं की पहिला विषय हॉलच्या मुख्य भिंतीचा निघतो. पूर्वी किचनचा ओटा नि बाथरूमच्या टाइल्स यातच बजेट संपायचं, आता टीव्हीमागचं पॅनेल, सीलिंगमधले स्पीकर, प्रोजेक्टरचा पडदा लावायचा की सरळ मोठा टीव्ही घ्यायचा, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते आणि सुतार, इलेक्ट्रिशियन, स्पीकरवाला तिघं तीन गोष्टी सांगतात. आमच्याकडेही सध्या हेच चालू आहे म्हणून जरा मागे जाऊन बघितलं, तर लक्षात आलं की ही भिंत काही पहिल्यांदा फुटत नाहीये. गेल्या पन्नास वर्षांत हॉलची मांडणी पुन्हा पुन्हा बदलली आणि जवळपास प्रत्येक वेळी कारण टीव्हीच होतं.

मुळात सिनेमा आपल्याकडे आला तो घराबाहेर बघायची गोष्ट म्हणूनच. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, मग तंबू आले, थिएटरं आली, जत्रेतल्या टुरिंग टॉकीज आल्या, आणि गणेशोत्सवात गल्लीत आडवं पांढरं कापड बांधून १६ एमएमच्या प्रोजेक्टरवर सिनेमा लागायचा. पुढे जागा नाही मिळाली की लोक पडद्यामागे बसायचे, तिथून सगळं उलटं दिसायचं, हीरो डावखुरा वाटायचा, तरी शेवटपर्यंत कोणी उठायचं नाही. घरी सिनेमा बघायची सोय तिकडे युरोप-अमेरिकेत १९२० च्या दशकातच झाली होती, पाथेची ९.५ एमएम फिल्म १९२२ ची आणि कोडॅकची १६ एमएम १९२३ ची, पण आपल्याकडे ते राजवाड्यांपुरतं आणि मोजक्या श्रीमंत घरांपुरतंच राहिलं. बाकीच्यांच्या बाहेरच्या खोलीत फार तर एक रेडिओ, उंच फळीवर, विणलेलं कव्हर घातलेला.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पाठोपाठ सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यातही टीव्ही दिसायला लागला, आणि बाहेरच्या खोलीचं रूप बदललं. चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याचं दार शनिवारी संध्याकाळी उघडंच असायचं कारण शनिवारी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी. आतले सतरंजीवर, उशिरा आलेले उंबऱ्यात, आणि अगदीच उशीर झाला तर गॅलरीतून खिडकीच्या गजांना धरून उभे. दहा बाय बाराच्या खोलीत तीस माणसं! माझ्या मते आपलं पहिलं होम थिएटर हेच, फक्त त्याला तसं कोणी म्हटलं नाही.

तेव्हा भिंतीत काही बसवायची गरजच नव्हती कारण टीव्ही स्वतःच फर्निचर होता. चार पायांवर उभी लाकडी पेटी, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, काही शटरना तर कुलूप. कार्यक्रम संपला की शटर बंद, वर फुलदाणी.

१९८२ ला स्वातंत्र्यदिनापासून रंगीत प्रसारण सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीचे एशियाड खेळ झाले आणि त्यानंतर शटरवाली पेटी गेली नि प्लास्टिकच्या बॉडीचा कलर टीव्ही आला. तो ठेवायला काहीतरी हवं म्हणून शोकेस आली. डोंबिवलीला आमच्या ब्लॉकमध्ये (तेव्हा फ्लॅट नाही, ब्लॉकच म्हणायचे) बाबांनी सुताराकडून अख्खी भिंत भरेल अशी शोकेस करून घेतली होती, वर सनमायका, मधे टीव्हीचा कप्पा बरोब्बर दोन फूट बाय दोन फूट आणि आत जवळजवळ दोन फूट खोल, मागे अँटेनाच्या वायरसाठी भोक, खाली काचेच्या दाराचा कप्पा व्हीसीआर कधी घेतला तर म्हणून. तो कधीच घेतला नाही, गणपतीत किंवा मे महिन्यात एका रात्रीपुरता भाड्याने आणायचो, सोबत तीन कॅसेट, आणि पहाटेपर्यंत तिन्ही संपवायच्याच कारण सकाळी परत द्यायचं असायचं. माझ्यासाठी घरात बांधून बसवलेल्या सिनेमाची सुरुवात त्या कप्प्यापासून होते. यंत्राच्या मापाचं घर पहिल्यांदा तिथे बांधलं गेलं आणि आपली पहिली मोठी चूकही तिथेच झाली, ते पुढे येतंच.

आवाजाचं मात्र सगळं वीस-पंचवीस वर्षं मागे राहिलं. १९७५ ला शोले मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला ७० एमएम आणि सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजात लागला होता, ज्यांनी तिथे बघितला ते आजही त्या नाण्याच्या आवाजाबद्दल बोलतात, आणि तोच सिनेमा घरी यायचा तो टीव्हीच्या कडेच्या एका छोट्या स्पीकरमधून. तिकडे डॉल्बी कंपनीने घरासाठीचा सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, १९८२ ला आणला, त्याची सुधारलेली आवृत्ती प्रो लॉजिक १९८७ ला, थिएटरमधला डिजिटल आवाज १९९२ ला, आणि १९९६ ला जपानमध्ये डीव्हीडी आली तसं ५.१ घराच्या आवाक्यात आलं. पाच म्हणजे पाच स्पीकर आणि पॉइंट एक म्हणजे फक्त खालच्या घुमणाऱ्या आवाजासाठीचा सबवूफर. आपल्याकडे २००० च्या आसपास 'होम थिएटर' हा शब्द घराघरात पोचला तो डीव्हीडी प्लेयर, पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर असलेल्या खोक्याचं नाव म्हणून. आता गंमत बघा, मागचे दोन स्पीकर मागे लावायचे असतात, पण आपल्या हॉलला मागची भिंतच कुठे असते? सोफ्याच्या मागे बाल्कनीचं सरकतं दार किंवा पॅसेज. मग केसिंग पट्टीतून वायर फिरवायची नाहीतर सगळे पाचही स्पीकर शोकेसमध्येच टीव्हीशेजारी ओळीने मांडायचे. मी असली घरं खूप बघितलीत आणि मला दर वेळी वाईट वाटायचं, पैसे खर्चून माणसाने पाच स्पीकर आणले आणि ऐकला एकच.

मग २००७ च्या सुमारास एलसीडीने जुन्या डब्याच्या टीव्हीला जगभर मागे टाकलं आणि शोकेसची ती चूक उघडी पडली. नवा टीव्ही रुंद, चपटा. कप्पा चौकोनी, खोल. बसेच ना! बत्तीस इंची टीव्ही दोन फुटांच्या कप्प्यात जाणार कसा, त्यामुळे हजारो घरांत चांगल्या सागवानी, प्लायच्या शोकेस तोडल्या गेल्या, आणि सुतारांनी त्याजागी सपाट पॅनेल ठोकायला सुरुवात केली. लोकांनी टीव्ही बदलला असं नाही, टीव्हीने भिंत बदलायला लावली.

डोक्यात मात्र जुनी मापं राहून गेली. 'लांबून बघ, डोळे जातील' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि अजून लोक बारा फुटांवर बसून बत्तीस इंच बघतात. सिनेमासारखं वाटायला पडदा नजरेत साधारण ३० अंश तरी भरायला लागतो, म्हणजे ५५ इंचीसाठी साडेसात फूट आणि ६५ इंचीसाठी पावणेनऊ फूट. आपल्या दहा-अकरा फुटी हॉलला हे अगदी जमतं, वेगळी खोली लागत नाही.

२०१२ ला थिएटरमध्ये आणि २०१४ ला घरात डॉल्बी ॲटमॉस आलं, म्हणजे आवाज डोक्यावरूनही, आणि तोपर्यंत फक्त शोभेचं असलेलं पीओपीचं फॉल्स सीलिंग एकदम कामाचं झालं. त्यात २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, परत बंद, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. एवढे महिने घरात बसून ओटीटी बघितल्यावर 'हॉलमध्येच नीट काहीतरी करूया' हे खूप जणांनी तेव्हाच ठरवलं.

आणि इथे एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ती म्हणजे दरम्यान आपल्या भिंतीच बदलल्यात. जुन्या बिल्डिंगमध्ये विटांची भिंत, छिन्नीने चर पाडा, पाइप टाका, प्लास्टर करा, झालं. आता मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवान शटरिंग असतं, म्हणजे भिंत नि स्लॅब दोन्ही काँक्रीटचे एकत्र ओतलेले, आणि त्या भिंती बिल्डिंगचा भार पेलतात, त्यात चर पाडायचा नाही म्हणजे नाही. तिथे पुढे दोन-तीन इंच पोकळी सोडून पॅनेल उभं करायचं आणि वायरी त्यामागून न्यायच्या, हाच रस्ता. फरशीही बदलली. शहाबादीवर सतरंज्या, गाद्या, खिडकीला जाड पडदे आणि तीस माणसं, आवाज शोषायला एवढं भरपूर होतं. आता व्हिट्रिफाइड टाइल, काच, मोकळ्या भिंती, टाळी वाजवली तरी खोली घुमते. म्हणून हल्ली ॲकॉस्टिक पॅनेलचा खर्च येतो, पण निम्मं काम सोफ्यापुढचा जाड गालिचा आणि पडदेच करतात.

आम्ही मागच्या वेळी हॉल केला तेव्हा एचडीएमआय केबल, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणारी वायर, पाइपशिवाय सरळ प्लास्टरमध्ये गाडली होती. २०१३ ला त्याची नवी आवृत्ती एचडीएमआय २.० आली, पुढे आम्ही ४के, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचा टीव्ही घेतला आणि भिंतीतली केबल ते चित्र वाहून नेईना, शेवटी चांगलं पॅनेल फोडावं लागलं. या वेळी दीड इंची पाइप, आत ओढायची दोरी सोडलेली, वळणं मोठी. सीलिंगमध्ये चार स्पीकरच्या वायरी आत्ताच टाकून ठेवतोय, स्पीकर आधी दोनच.

शोकेस आम्ही तोडली तेव्हा तो मधला दोन बाय दोनचा कप्पा तेवढा ठेवला होता कारण त्यात गणपती बरोब्बर बसतो. नव्या ड्रॉइंगमध्येही तो पॅनेलच्या डाव्या बाजूला आहे, आणि डावा स्पीकर त्याच्यासाठी नऊ इंच आत सरकवलाय.