आरोपीची कबुली आणि आरोपीचं निवेदन: बातमीत एक, कोर्टात दुसरं

तालुक्याच्या गावात खून होतो. दोन दिवसांत संशयित सापडतो आणि तिसऱ्या दिवशी जिल्हा आवृत्तीत येतं, ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ ते कात्रण परळ-लालबागपासून विरारपर्यंत पसरलेल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर फिरतं आणि खटल्याचा निकाल तिथेच लागतो. पुढे काही वर्षांनी तो माणूस निर्दोष सुटला की तोच ग्रुप विचारतो, ‘कबूल केलं होतं ना त्याने? मग किती पैसे चारले?’

बहुतेक वेळा कोणी कोणाला काही चारलेलं नसतं. बातमीतली कबुली न्यायाधीशांनी पुरावा म्हणून वाचलेलीच नसते, कारण कायदा ती वाचू देत नाही. पोलीस ठाण्यात आरोपी जे बोलतो त्याचे दोन भाग पडतात. ‘मी मारलं’ ही कबुली. ‘कोयता कुठे टाकलाय ते दाखवतो’ हे निवेदन. पहिल्याला खटल्यात किंमत शून्य. दुसऱ्यावर मात्र जन्मठेप होऊ शकते.

1872 च्या पुरावा कायद्यात ही व्यवस्था कलम 25, 26 आणि 27 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून तीच भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये एकत्र आली आहे. हवालदारापुढे द्या नाहीतर पोलीस आयुक्तांपुढे, पोलिसाला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना पत्रकाराला, शेजाऱ्याला किंवा चॅनेलच्या कॅमेऱ्यापुढे दिलेलीही नाही. कारण उघड आहे. बातमीतला तो ‘खाक्या’ हा शब्द वार्ताहर कौतुकाने लिहितो, पण कायद्याला नेमकी त्याचीच भीती आहे.

निवेदनाचं गणित वेगळं. आरोपीने माहिती दिली आणि त्या माहितीमुळेच एखादी गोष्ट उघड झाली, तर माहितीचा तेवढाच तुकडा पुराव्यात येतो. तेवढाच म्हणजे किती, हे एका गावातल्याच खुनाने ठरवलं. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या त्या प्रकरणात आरोपीने सांगितलं होतं की आम्ही दबा धरून बसलो, त्यांना मारलं आणि भाला गवताच्या गंजीत लपवला, चला, दाखवतो. पुलुकुरी कोट्टय्या नावाने गाजलेल्या या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, या बोलण्यावर कात्री चालवली. भाला लपवला आहे आणि दाखवतो, हे राहिलं. मारलं, हे गेलं. शिवाय सापडली ती नुसती वस्तू नव्हे. ती जागा आणि ती जागा आरोपीला ठाऊक होती, हाच खरा शोध, असंही सांगितलं. आजही सत्र न्यायालयात बचावाचा वकील उठून ‘हा भाग काढा’ म्हणतो, तो याच निकालाच्या जोरावर.

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही असं राज्यघटना म्हणते, मग हे चालतं कसं? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या प्रकरणात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी उत्तर दिलं: जबरदस्ती नसेल तर चालतं. जबरदस्ती होती हे बंद खोलीतल्या माणसाने सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न मला अजूनही सुटलेला वाटत नाही.

कागदावर हे काम शिस्तीचं आहे. आधी दोन पंच ठाण्यात बोलवायचे. त्यांच्यासमोर आरोपी बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा निवेदन पंचनामा. मग सगळे जीपमध्ये बसतात, वाट आरोपी दाखवतो. विहिरीतून कोयता निघाला की जागेवरच कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेचं सील मारायचं आणि जप्ती पंचनामा करायचा. पुढे तो मुद्देमाल तपासणीला जातो. मुंबईतला असेल तर कलिन्याच्या प्रयोगशाळेत.

खटले कोसळतात ते याच वाटेवर. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात बायको आणि चार मुलांच्या खुनासाठी फाशी झालेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सोडलं. त्याचं एक कारण हेच होतं की पंच आधी ठाण्यात बोलावून त्यांच्यासमोर निवेदन घेतलंच नव्हतं. कधी हत्यार अशा उघड्या जागी सापडतं की तिथे कोणीही ठेवू शकलं असतं. कधी जागा पोलिसांना आधीच माहीत असते, मग आरोपीने नवं सांगितलं काय? आणि कधी पंच इतके नेहमीचे असतात की साक्षीच्या पिंजऱ्यात ‘साहेब, याआधी किती वेळा पंच झालात?’ या प्रश्नालाच घाम फुटतो.

मग कबुली कधीच उपयोगी नाही? आहे, पण ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे द्यावी लागते. ते आधी सांगतात की तुझ्यावर बंधन नाही आणि बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. विचाराला वेळही देतात. ‘नाही द्यायची’ असं तो म्हणाला, तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. ही तरतूद मला सगळ्यांत शहाणी वाटते. अजमल कसाबने फेब्रुवारी 2009 मध्ये अशीच कबुली दिली, नंतर ती फिरवली, तरी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला.

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, हा मोठा अपवाद. त्यात पोलीस अधीक्षक किंवा मुंबईत उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. पण 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुल्या मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये नाकारल्या आणि 12 जण निर्दोष ठरले. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलं.

गावच्या साध्या खुनाला मोक्का लागत नाही. तिथे सगळी भिस्त त्या दोन पंचांवर, आणि ते गावचेच असतील तर फितूर होण्याची शक्यता मोठी. पंच उलटला म्हणजे जप्ती आपोआप बाद होत नाही. तपासी अंमलदाराची साक्ष उलटतपासणीत टिकली तर न्यायालय तिच्यावरही विसंबू शकतं. आता नव्या फौजदारी प्रक्रियेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, त्यामुळे विहिरीच्या काठावर मोबाईल धरलेला एक शिपाईही उभा असतो. चित्रीकरण कोयता वर आल्यावर सुरू झालं की आरोपी वाट दाखवत होता तेव्हापासून, हे बचावाचा वकील आता सगळ्यांत आधी तपासतो.